वरून जुळतो पण चालवताना खोटा वाटतो: घाटाच्या फॅनमेड ट्रॅकमध्ये नेमकं बिघडतं कुठे

हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा नीट लिहून ठेवलेलं बरं. कोणीतरी मन लावून घाटाचा ट्रॅक बनवतो, कधी कन्नड घाट, कधी लळिंग, कधी तोरणमाळची चढण, पोरं डाउनलोड करतात, असेटो कोर्सा ह्या गाडी चालवायच्या गेममध्ये टाकतात, दोन-चार चकरा मारतात आणि मग तक्रार सुरू, भाऊ, हाऊ आपला घाट वाटत नही. बनवणारा सॅटेलाइटचा फोटो काढतो, त्याच्यावर ट्रॅकची रेघ टाकतो, वळण न् वळण जुळवून दाखवतो. दोघंही खरं सांगून राह्यलेले असतात आणि तरी भांडण मिटत नाही.

मिटत नाही कारण वरून जुळणं वेगळं आणि चालवताना जुळणं वेगळं. रस्त्याचा वरून दिसणारा आकार आज कोणीही घरबसल्या काढतो, ते सगळ्यात सोपं काम आहे. गाडीला त्या आकारापेक्षा चढ-उतार, आडवा कल, रुंदी न् उंचवटे जास्त जाणवतात, आणि ह्यातलं जवळजवळ काहीच फोटोत दिसत नाही. माझं म्हणणं सरळ आहे, आपल्याकडच्या ट्रॅकांची गडबड बहुतेक वेळा उंचीत राहते आणि लोक ती वळणात शोधत बसतात. म्हणून खाली उंचीवर जास्त लिहिलंय, बाकीचं आधी उरकतो.

पण ट्रॅकला नावं ठेवायच्या आधी स्वतःचं मशीन तपासा भो. असेटो कोर्सा बनवणाऱ्या कुनोसने स्वतः लेझर स्कॅन करून दिलेला एखादा ट्रॅक घ्या, मोंझा, इमोला, मुजेलो, कोणताही, आणि तीच गाडी, तीच सेटिंग ठेवून चालवा. तिथेही रस्ता गुळगुळीत, सपाट न् बोथट लागत असेल तर दोष ट्रॅकचा नाही. व्हीलचा गेन, म्हणजे धक्क्यांचा जोर, जास्त ठेवला की फोर्स फीडबॅक, म्हणजे स्टिअरिंगमधून हाताला लागणारा रस्ता, वरच्या टोकाला अडकतो आणि बारीक उंचवटे त्यात मरतात, गेन कमी करून पाहा, रस्ता लगेच बोलायला लागतो. दुसरं म्हणजे एफओव्ही, स्क्रीनवर किती अंशांचं दृश्य दिसतं तो आकडा. २४ इंची स्क्रीन डोळ्यापासून ६० सेंटीमीटरवर असेल तर उभा एफओव्ही साधारण २८ अंश येतो, २७ इंचीला ३१ च्या आसपास, आणि असेटो कोर्सात टाकायचा आकडा हा उभाच राहतो. बरेच जण त्याच्या दुप्पट ठेवतात कारण त्यात वेग जास्त वाटतो, पण मग रस्ता रुंद दिसतो, चढ लांबलेले दिसतात, आणि घाट "सपाट" वाटतो म्हणून तक्रार येते. तिसरी गोष्ट आपल्याकडची खास: मे महिन्यात जळगाव-भुसावळला लॅपटॉप तापून प्रोसेसर मंदावतो, सीपीयू ऑक्युपन्सीची, म्हणजे प्रोसेसर पूर्ण भरल्याची, सूचना स्क्रीनवर येते, आणि त्या वेळी गाडी अडखळत चालते ते ट्रॅकच्या खड्ड्यांनी नाही. ही सूचना दिसत असताना कोणत्याच ट्रॅकबद्दल मत बनवू नका.

मशीन ठीक निघालं की मग ट्रॅककडे वळा.

सगळ्यात आधी माप. ऑनलाइन नकाशाचा स्क्रीनशॉट किंवा त्याच्या टाइल्स ब्लेंडर ह्या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टाकून त्याच्यावर रस्ता काढला असेल तर एक गोष्ट हमखास होते. हे नकाशे वेब मर्केटर ह्या गोल पृथ्वी सपाट करायच्या पद्धतीत राहतात, आणि त्यात विषुववृत्तापासून जेवढं लांब जाल तेवढं सगळं ताणलं जातं. जर्मनीतलं नुर्बुर्गरिंग सर्किट ५० अंशांच्या थोडं वर आहे, तिथे हे ताणणं दीडपटीहून जास्त होतं, म्हणजे युरोपातल्या माणसाला पहिल्याच चकरेत कळतं की काहीतरी भयानक चुकलंय आणि तो दुरुस्त करतो. आपला खान्देश २१ अंशांवर, इथे ताण येतो फक्त ७ टक्के. सात टक्के डोळ्याला दिसत नाही. ७ मीटरचा रस्ता साडेसात मीटर होतो, एक किलोमीटर १०७० मीटर होतो, आणि उंची मात्र ताणली जात नाही, ती वेगळ्या फाइलमधून येते, त्यामुळे ६ टक्क्यांचा चढ ५.६ वर येतो. सगळंच थोडं थोडं ढिलं, थोडं थोडं सपाट, आणि बोट कुठे ठेवायचं ते सापडत नाही. घाट "आपला वाटत नाही" ह्यामागे कितीतरी वेळा एवढंच राहतं.

तपासायला सोपं आहे. खऱ्या जगात ज्याचं अंतर पक्कं माहीत आहे अशा दोन जागा घ्या, पुलाची दोन टोकं, दोन मैलाचे दगड, काहीही, आणि ब्लेंडरमध्ये तेच अंतर मोजा. सात टक्के जास्त आलं की समजून जा. दुरुस्तीला क्यूजीआयएस ह्या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये डेटा यूटीएम झोन ४३ उत्तर ह्या मीटरमध्ये मोजणाऱ्या नकाशा पद्धतीत बदलून घ्या, कोड ३२६४३. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही जिल्हे ह्याच झोनमध्ये येतात, झोनची मधली रेषा ७५ अंश पूर्व ही धुळे न् जळगावच्या मधूनच जाते, त्यामुळे इथे यूटीएमची स्वतःची चूक नगण्य राहते, दहा हजारात चार भाग. ट्रॅक आधीच बनवून झाला असेल तर आडव्या दोन्ही दिशांना ०.९३४ ने गुणा, उभ्या दिशेला हात लावू नका. इथे घाई करून सगळ्याच दिशांना एकदम स्केल केलं की लांबी सुधरते पण उंचीही कमी होते आणि चढ होता तिथेच राहतो.

लांबीबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. अधिकृत लांबी न् गेममधली लांबी जुळली नाही की लोक लगेच ट्रॅक खोटा ठरवतात. नुर्बुर्गरिंगच्या नॉर्डश्लाइफे ह्या लांब सर्किटची पूर्ण लांबी २०.८३२ किलोमीटर, पण गाड्यांचे जुने विक्रम २०.६ किलोमीटरवर मोजलेले आहेत, कारण वेळ सुरू व्हायची जागा न् थांबायची जागा ह्यात थोडा तुकडा सुटत होता, २०१९ पासून पूर्ण चकरेची वेळ द्यायला लागले. दोन्ही आकडे खरेच. दुसरं, सर्किटची लांबी मोजतात रस्त्याच्या मध्यरेषेवर, आणि गेममधली एआय लाइन, म्हणजे कॉम्प्युटरच्या गाड्यांची वाट, धावते रेसिंग लाइनवर, ती आतून कापत जाते म्हणून कमीच भरणार. फरक किती राहू शकतो ह्याचा एक छान हिशोब आहे: स्वतःला न छेदणाऱ्या कोणत्याही बंद सर्किटची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा रुंदीच्या ६.२८ पट लांब राहते, वळणं कितीही असोत. १२ मीटर रुंद ट्रॅकला हे झाले ७५ मीटर. जपानचा सुझुका आठच्या आकाराचा आहे म्हणून तिथे हा हिशोब चालत नाही. तर ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटचे ५.१२५ किलोमीटर किंवा चेन्नईजवळच्या मद्रास ट्रॅकचे ३.७१७ किलोमीटर गेममध्ये दहा-वीस मीटर इकडे तिकडे आले तर रागावू नका, शंभर-दोनशे मीटर हलले तर मात्र पाहा.

घाटाचा रस्ता सर्किट नाही, त्याला मैलाचे दगड कामी येतात. राष्ट्रीय महामार्गाला पिवळ्या डोक्याचा दगड, राज्य महामार्गाला हिरव्या डोक्याचा. घाटाच्या पायथ्याचा न् माथ्याचा दगड ट्रॅकवर खुणेसाठी ठेवा आणि मधलं अंतर जुळवा. नकाशावरून काढलेली रेघ बहुतेक कमी भरते, कारण यू आकाराच्या वळणावर कोणीतरी चार बिंदूंत काम उरकलेलं राहतं.

लॅप टाइम जुळला म्हणजे ट्रॅक बरोबर, हेही सोडून द्या. बुद्ध सर्किटवर २०११ च्या शर्यतीत सेबास्टियन व्हेटेलने १ मिनिट २७.२४९ सेकंदांची चक्कर मारली, तोच तिथला विक्रम आहे, आणि कोणी म्हणतं की माझ्या ट्रॅकवर त्या जमान्याची एफवन गाडी टाकली तर तोच टाइम येतो. येईल ना. ग्रिपचा आकडा दोन टक्के वाढवला, एका वळणाची त्रिज्या थोडी जास्त झाली, दुसरीकडे चढ कमी पडला, ह्या चुका एकमेकींना कापतात आणि टाइम बरोबर येतो. टाइम शेवटी पाहायची गोष्ट आहे. त्यापेक्षा एकेका वळणाचा कमीत कमी वेग पाहा, तो लपत नाही.

रुंदी पटकन सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मापं ठरवणारी संस्था, तिच्या मापात दोन लेनचा रस्ता ७ मीटर, एक लेनचा ३.७५, मधला प्रकार साडेपाच. मारुती स्विफ्टची रुंदी १.७३५ मीटर, म्हणजे चार स्विफ्ट आरसे मिटून एकमेकींना चिकटून उभ्या केल्या तर ७ मीटरचा रस्ता भरला. गेममध्ये माहीत असलेल्या रुंदीची कोणतीही गाडी घ्या, रस्त्याच्या एका कडेला लावा, फोटो काढा, दुसऱ्या कडेला लावा, फोटो काढा, कळतं. बरेच मॉडर, म्हणजे असे ट्रॅक बनवणारे, मुद्दाम रुंद करतात कारण ऑनलाइन आठ-दहा गाड्या सोडायच्या राहतात. करा बापा, पण तसं लिहा तरी. रुंद केलेल्या घाटात समोरून बस आल्यावर पोटात जो गोळा येतो तो येतच नाही.

आता उंची.

लक्षण असं राहतं: चढ सुरू झाला की गाडी ठरावीक अंतरावर हलकी होते, दबते, परत हलकी होते. रस्ता डोळ्याला सरळ चढताना दिसतो पण सस्पेन्शन सांगतं की पायऱ्या आहेत. ह्याची एक पक्की परीक्षा आहे. ताशी ३६ किलोमीटरने एकसारखं चढा, म्हणजे सेकंदाला बरोबर १० मीटर, आणि धक्के मोजा. साधारण दर ३ सेकंदांनी धक्का आला आणि ताशी ७२ ने जाताना दर दीड सेकंदाने आला, तर धक्के ३० मीटरच्या अंतरावर आहेत, आणि ३० मीटर म्हटलं की चोर सापडला. ट्रॅकची उंची एसआरटीएमच्या डेटावरून घेतलेली आहे.

हा डेटा फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर ह्या अंतराळ शटलने ११ दिवसांत रडारने गोळा केला. चीज मोठी आहे, जगातला बहुतेक जमिनीचा भाग एका मोहिमेत मोजून झाला आणि फुकट मिळाला, त्याच्याशिवाय आपल्याकडचा एकही ट्रॅक बनला नसता. पण तो रस्त्यासाठी नव्हता. दर ३० मीटरला एक आकडा, आणि नेहमीच्या फाइलमध्ये तो आकडाही पूर्ण मीटरमध्ये, दशांश नाही. म्हणजे ५१२, ५१२, ५१४, ५१५ असं. प्रत्येक एका मीटरच्या उडीला ३० मीटरने भागलं की ३.३ टक्के. तर खरा रस्ता एकसारखा ५ टक्क्यांनी चढतोय आणि डेटात तो ३.३, मग ६.६, मग ३.३ असा तुटत तुटत चढतो. ह्या तुटीच गाडीला लागतात. जुने ट्रॅक असतील तर अजून वाईट, कारण २०१४ च्या आधी भारतासाठी एसआरटीएमचा ९० मीटरचाच डेटा उघडा होता, ३० मीटरचा त्यानंतर टप्प्याटप्प्याने आला. ताशी ३६ ने दर ९ सेकंदांनी धक्का लागला तर ट्रॅक त्या काळातला समजा, किंवा कुठल्या तरी जुन्या गेममधून उचलून आणलेला.

नुसत्या पायऱ्या असत्या तरी बरं होतं, त्या गुळगुळीत करता येतात. घाटात खरी पंचाईत दुसरीच आहे. घाटाचा रस्ता डोंगर कापून केलेला राहतो, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मध्ये सात-आठ मीटरची सपाट पट्टी. ३० मीटरच्या एका चौकोनात कडा, रस्ता, दरी सगळं एकत्र येतं आणि त्याचा मिळून एकच आकडा निघतो. वरवंट्या-पाट्यावर जाड गोधडी टाकून वरून हात फिरवल्यासारखं आहे ते, फुगवटा कळतो, पाट्याची कड कळत नाही. ३० अंशाचा डोंगरउतार धरा, रस्त्याची रेघ ५ मीटर जरी बाजूला सरकली तरी उंचीत जवळजवळ ३ मीटरचा फरक पडतो. आणि रेघ सरकतेच, कारण सॅटेलाइट तिरपा पाहत असताना काढलेल्या फोटोत डोंगरावरच्या गोष्टी बाजूला सरकलेल्या दिसतात, नकाशावाले ते दुरुस्त करतात पण दुरुस्तीला वापरतात परत तोच जाड उंचीचा डेटा. मग रेघ डोंगराच्या बाजूला सरकली तिथे रस्त्याला टेकाड, दरीच्या बाजूला सरकली तिथे खड्डा. पायथा न् माथा बरोबर, मधलं सगळं हेलकावे.

त्यात झाडं. कन्नड घाट गौताळा औट्रमघाट अभयारण्यातून जातो, आणि एसआरटीएमचं रडार दाट झाडीत जमिनीपर्यंत पूर्ण पोचत नाही, शेंड्यांच्या कुठेतरी मधली उंची धरतं. झाडीचा पट्टा सुरू झाला की रस्ता विनाकारण चढतो, मोकळा उतार आला की उतरतो. चालवणाऱ्याला वाटतं इथे तर असा चढ नव्हता. नव्हताच.

सगळ्यात मोठी ओळख यू वळणावर पटते. खऱ्या घाटात यू वळणावर रस्ता मुद्दाम कमी चढाचा ठेवतात, इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात वळणावरचा चढ जास्तीत जास्त ४० ला १, म्हणजे अडीच टक्के, आणि आतली त्रिज्या कमीत कमी १४ मीटर. चढून येता, वळणावर गाडी जरा श्वास घेते, वळून परत चढायला लागते. फॅनमेड ट्रॅकमध्ये नेमकं उलटं होतं. यू वळणाचे दोन हात जवळजवळ, मध्ये ३०-४० मीटर, डेटात ते दोन्ही हात एकमेकांत मिसळून जातात आणि सगळा चढ वळणाच्या पोटात गोळा होतो. वर जाणारा हात खाली ओढला जातो, खालचा वर, आणि वळणावर भिंत उभी राहते. गेममध्ये यू वळणावर पहिल्या गियरमध्ये गाडी घुसमटत असेल आणि वळणाच्या आधी न् नंतर रस्ता विचित्र सपाट असेल तर दुसरं काही तपासू नका.

चढाच्या मर्यादाही हाताशी ठेवा. डोंगराळ भागात नेहमीचा चढ ५ टक्के, जास्त तीव्र भागात ६, आणि अगदीच नाइलाज असेल तर ७-८ पर्यंत. राष्ट्रीय महामार्ग ५२, जुना २११, त्याच्या घाटात तुमचा आलेख १४ टक्के दाखवत असेल तर डेटावर संशय घ्या. कन्नड घाट म्हणजेच औट्रम घाट, तो इंग्रजांच्या काळातला आणि इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ ची, तेव्हा प्रत्येक मीटर नियमात बसेल असं नाही, तोरणमाळसारख्या आतल्या रस्त्यांना तर अजून सूट द्या, पण दुप्पट चढ सहसा खोटाच निघतो.

दुरुस्ती कशी करायची. डीईएम म्हणतात तो उंचीचा डेटा फेकून देऊ नका, त्याचं काम फक्त बदला. तो घ्या आजूबाजूच्या डोंगराला, लांबून दिसणाऱ्या सातमाळ्याच्या रांगेला. रस्त्याला वेगळी उंची द्या. त्यासाठी रस्त्याचा लांबीनुसार आलेख बनवा: आडवं अंतर, उभी उंची, बस. पायथा, माथा आणि मध्ये जिथे आजूबाजूला बऱ्यापैकी सपाट मोकळी जागा आहे अशा मोजक्या जागा डीईएमवरून घ्या, तिथे तो विश्वासाचा राहतो. मधलं सगळं मोजून आणा.

मोजायला फोन पुरतो, पण जीपीएसची उंची नको. उघड्या आकाशाखाली फोनचं जीपीएस आडवं ५ मीटरपर्यंत बरोबर येतं, उंचीत त्याहून खराब, आणि घाटात कड्याने अर्धं आकाश झाकलेलं. ज्या फोनमध्ये बॅरोमीटर आहे तो घ्या. हवेचा दाब १ हेक्टोपास्कल कमी झाला म्हणजे आपल्या उंचीला न् उन्हाला साधारण ९ मीटर वर आलात, आणि बॅरोमीटर ह्याच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक फरक धरतो. दोन जागांमधला फरक तो फार छान सांगतो. अडचण एकच, हवेचा दाब स्वतःच दिवसभर हलतो, आपल्या भागात सकाळी १० च्या आसपास वर आणि दुपारी ४ ला खाली, मध्ये तीनेक हेक्टोपास्कलचा फरक, म्हणजे पंचवीस-तीस मीटर. म्हणून सकाळी निघा, चढताना न् उतरताना दोन्ही वेळा नोंद घ्या आणि सरासरी काढा, पायथ्याला परत आल्यावर सुरुवातीचा आकडा न् आताचा आकडा ह्यातला फरक वेळेनुसार वाटून टाका. गाडीच्या काचा न् एसी पूर्ण वेळ एकाच स्थितीत ठेवा, काच खालीवर केली तरी आकडा हलतो. फोन डॅशबोर्डवर उन्हात नको, तापला की सेन्सर भरकटतो. चालवणारा एक, मोजणारा दुसरा, आणि यू वळणावर थांबून मोजायचं नाही.

एक गोष्ट मिसळू नका. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची देतात, काही जीपीएसची कच्ची उंची, आणि आपल्या भागात ह्या दोन्हीत साठेक मीटरचा फरक येतो, कच्ची उंची कमी भरते. ट्रॅकला खरी उंची किती ह्याने फरक पडत नाही, पूर्ण घाट साठ मीटर खाली गेला तरी गाडीला काय कळणार, पण अर्धे बिंदू एका प्रकारचे न् अर्धे दुसऱ्या प्रकारचे झाले की मध्ये कडा तयार होतो.

आलेख तयार झाला की त्यातले कोपरे गोल करा. खऱ्या रस्त्यात चढ एकदम बदलत नाही, हळूहळू बदलतो. मग रस्त्याचे आडवे छेद सरळ भागात ३ ते ५ मीटरवर आणि यू वळणात मीटर-दीड मीटरवर ठेवा. वळणात छेद लांब ठेवले तर वळण तुकड्या-तुकड्यांचं होतं, ५० मीटर त्रिज्येच्या वळणात १० मीटरचा तुकडा खऱ्या वळणापासून २५ सेंटीमीटर आत जातो आणि दर तुकड्याला स्टिअरिंग ११ अंशांनी वळलेल्या रस्त्याला सामोरं जातं. आडवा कलही द्या, वळणात बाहेरची कड वर, नियमाने घाटात जास्तीत जास्त १० टक्के. हा कल नसला की गाडी वळणात बाहेर सरकते आणि लोक ग्रिप वाढवतात, तिथून पुढे सगळंच बिघडतं.

उंचवटे सगळ्यात शेवटी. सपाटीवरचे आपले रस्ते काळ्या मातीवरचे, ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि डांबर लाटेसारखं वरखाली होतं. तापीकाठच्या कोणत्याही जुन्या रस्त्यावर ही लाट बसते. घाटात खाली खडक, तिथे अशी लाट कमी, तिथे ठिगळं न् कडेचं तुटलेलं डांबर जास्त. म्हणून सगळ्या ट्रॅकवर एकसारखा रँडम नॉइज, म्हणजे वाटेल तिथे बारीक उंचवटे, टाकणं मला पटत नाही, त्याने पायथा न् माथा सारखाच लागतो. फोनचा ॲक्सेलरोमीटर गाडीत घट्ट बसवून नोंद घ्या, कुठे जास्त कुठे कमी एवढं तरी त्यातून कळतं, आणि दोन-तीन सेंटीमीटरचे उंचवटे हाताने त्या त्या जागी बसवा.

नेहमी एकाच जागी, एकच टोकदार झटका लागत असेल तर तो उंचीचा दोष नाही. एका मेशमध्ये, म्हणजे रस्त्याच्या थ्रीडी जाळ्यात, ६५,५३५ पेक्षा जास्त बिंदू चालत नाहीत म्हणून रस्ता तुकड्यांत तोडावा लागतो, आणि जोडावरचे बिंदू एकमेकांवर बसले नाहीत की चाक फटीत जातं. जोड जुळवा. गाडी रस्त्यातून खालीच पडत असेल तर मेशच्या नावाच्या सुरुवातीला आकडा नाही, वन-रोड (1ROAD) असं नाव लागतं, नुसतं रोड दिलं तर ते फक्त दिसतं, टेकत नाही. रस्त्याची ग्रिप सरफेसेसच्या फाइलमध्ये ०.९८ च्या आसपास राहू द्या.

आणि वर्ष पाहा. नेदरलँड्समधल्या झँडवूर्ट सर्किटची दोन वळणं २०२० मध्ये जवळजवळ १८-१९ अंशांनी कलती केली, असेटो कोर्सातला कुनोसचा झँडवूर्ट त्याच्या आधीचा आहे, तर एखादा फॅनमेड नवा झँडवूर्ट त्याच्याशी जुळला नाही म्हणून खोटा ठरत नाही. कन्नड घाटात २०२१ च्या ऑगस्टअखेरच्या पावसात दरडी कोसळल्या, रस्ता खचला, मग दुरुस्त झाला. त्याच्या आधीचा व्हिडिओ न् आताचा रस्ता जुळवत बसू नका. लेझर स्कॅनवाले आपल्या घाटात येणार नाहीत, सातपुड्यात तर नाहीच नाही, त्यामुळे ट्रॅकच्या वर्णनात हे लिहायलाच पाहिजे: रस्ता कोणत्या वर्षाचा, उंची कुठून घेतली, रुंदी खरी की वाढवलेली. पुढचा माणूस तिथून काम सुरू करू शकतो.

उंची बदलल्यावर एआय लाइन परत रेकॉर्ड करा, जुनी लाइन जुन्या उंचीवर राहते आणि एआयच्या गाड्या चढावर वेड्यासारख्या ब्रेक मारतात. सुरुवातीची जागा, पिट आणि टाइमिंगच्या खुणाही नव्या रस्त्यावर उचलून बसवा, त्या जमिनीत गाडल्या गेल्या तर लॅपच मोजला जात नाही. मग परत ताशी ३६ ने एकदा पूर्ण घाट चढून पाहा.